पाट्या, मनोरे आणि पेण-रोह्याचा डोंगर

पनवेलहून निघालेला महामार्ग कर्नाळ्याच्या अभयारण्यातून उतरून पेण तालुक्यात शिरला की डाव्या हाताला डोंगररांग आणि उजव्या हाताला धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेला सपाट खारेपाट लागतो. मधे भाताची खाचरे, हमरापूर-जोहे परिसरात कच्च्या गणेशमूर्तींनी भरलेल्या शेड, पुढे वडखळचा नाका. तिथून एक वाट अलिबागला फुटते आणि मूळ रस्ता नागोठणे, कोलाड असा रोहे तालुक्यातून दक्षिणेला उतरतो. मुंबईकराला कोकणाची पहिली ओळख याच पट्ट्यात होते. गेल्या पंधरा वर्षांत ही ओळख फार बदलली आहे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले, रखडले, न्यायालयात गेले. रस्ता पूर्ण होण्याआधीच त्याच्या दोन्ही कडांना जाहिरातींचे लोखंडी सांगाडे उभे राहिले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि सांगाड्यांवरच्या मजकुरालाही नवा विषय मिळाला: सेतूपासून इतकी मिनिटे, विमानतळापासून तितकी, एनए प्लॉट, फार्महाऊस, सेकंड होम. गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत त्यात चाकरमान्यांचे स्वागत करणाऱ्या पुढाऱ्यांच्या फलकांची भर पडते.

याच पट्ट्यावरून उच्चदाबाच्या वीजवाहिन्याही जातात. नागोठण्याला ४०० केव्हीचे उपकेंद्र आहे; दाभोळसारख्या केंद्रांची वीज याच बाजूने वर येते. डोलवीला पोलादाचा प्रचंड कारखाना, नागोठण्याला पेट्रोरसायनांचा, रोह्याजवळ धाटावला रासायनिक वसाहत. प्रत्येकाला वीज लागते आणि प्रत्येकाची स्वतंत्र लाइन डोंगरावरून उतरते.

फलक आणि मनोरे यांना एकाच तागडीत घालण्याची चूक मात्र टाळायला हवी. फलक उद्या सगळे उतरवले तरी कोणाच्या घरातला दिवा विझणार नाही. विजेचे तसे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराचा वीजपुरवठा कोलमडला, लोकल थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली. बाहेरची वीज शहरात आणणाऱ्या वाहिन्या वाढवण्याचा आग्रह त्यानंतर अधिकच धरला गेला. म्हणून फलकांबाबत प्रश्न ‘हवेत कशाला’ असा आहे, तर वाहिन्यांबाबत ‘कुठून न्यायच्या’ असा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे पेण-रोह्यात आज जवळजवळ कोणीच देत नाही, कारण देखावा नावाची वस्तू आपल्या कायद्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. झाडाला कायदा आहे, कांदळवनाला आहे, सातबाऱ्यावरच्या गुंठ्याला आहे. डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या मोकळ्या नजरेला नाही.

देखावा राखण्याची भाषा ही शनिवार-रविवार येणाऱ्या पर्यटकांची चैन आहे, असा आक्षेप स्थानिक पातळीवर नेहमी घेतला जातो. तो गंभीरपणे घ्यायला हवा. पण खारेपाट हे निसर्गाने आयते दिलेले चित्र नाही. उधाणाच्या पाण्यापासून जमीन हिसकावून घेत पिढ्यान्‌पिढ्या इथल्या आगरी आणि इतर शेतकऱ्यांनी मातीचे बांध घातले, पाणी सोडण्या-अडवण्यासाठी उघाड्या बसवल्या, बांधाला खांड गेली की रात्री-बेरात्री जाऊन ती बुजवली. खारबंदिस्तीच्या या सामूहिक कष्टातून शिलोत्री जमिनी घडल्या, भात पिकले, शेततळ्यांत जिताडा पोसला गेला. या सपाटीवर नजर लांबवर जाते, कारण तिथे उंच काही उभे करायचे नाही, पाण्याला वाट मोकळी ठेवायची, असा शेतीचाच नियम होता. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देण्याचा प्रश्न आला तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारी यंत्रणेने शेतकऱ्यांचा कौल घेतला. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारख्यांनी उभ्या केलेल्या लढ्याचे ते फलित होते. कौल जमीन देण्याच्या विरोधात गेला आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. ते मतदान देखाव्यासाठी नव्हते, पोटासाठी होते. तरीही आज वडखळच्या अलीकडे-पलीकडे जी हिरवी सपाटी शिल्लक दिसते, तिचे श्रेय कोणत्याही सौंदर्यवादी चळवळीपेक्षा त्या गावांना अधिक जाते.

आता फलकांकडे जरा जवळून पाहू. महामार्गालगतच्या खाचरात काँक्रीटचे चौथरे ओतले जातात, त्यावर लोखंडी जाळीचे पाय, वर पत्र्याचा किंवा फ्लेक्सचा पडदा. जमीनमालकाला वर्षाचे भाडे मिळते. बेभरवशाच्या भातशेतीच्या तुलनेत ती बिनकष्टाची कमाई असते, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात कापड फाटते, त्याच्या चिंध्या वाऱ्याने तारांवर आणि पाण्याबरोबर नाल्यात जातात, तिथून उघाडीच्या तोंडाशी अडकतात. उतरवलेला फ्लेक्स गावात पेंढ्यावर, लाकडांवर, गोठ्याच्या कुडावर झाकण म्हणून येतो. सांगाडा मात्र जाहिरात नसतानाही उभाच राहतो, गंजत राहतो, ‘जाहिरातीसाठी संपर्क’ एवढाच मजकूर मिरवत.

या सांगाड्यांवर नियम नाहीत असे नाही. ते इतके विखुरलेले आहेत की प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवू शकते. महामार्गाच्या हद्दीतली जागा केंद्राच्या यंत्रणेची; तिच्यावरील अतिक्रमण हटवण्यासाठी २००२ चा राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायदा आहे. हद्दीबाहेर मोकळ्या शेतीक्षेत्रात रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा मानली जाते. इंडियन रोड्स काँग्रेसने तर १९७२ मध्येच रस्त्याकडेच्या जाहिरातींविषयी धोरण छापून ठेवले आहे. १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगतो. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला. महापालिकांसाठी राज्याने २०२२ मध्ये जाहिरातींचे नवे नियमही केले. पेण आणि रोहे ही नगरपरिषदांची शहरे. त्यांच्या हद्दीबाहेर उरते ती ग्रामपंचायत, आणि तिचा ना-हरकत दाखला मिळाला की सारे मिळाले असा समज रूढ झाला आहे. खाजगी शेतात, रस्त्याच्या हद्दीच्या एक पाऊल पलीकडे उभा राहिलेला चाळीस फुटी फलक नेमका कोणी पाडायचा, याचे उत्तर तहसील, बांधकाम खाते, पंचायत आणि महामार्ग यांच्यात फिरत राहते.

फलकांचा विचार आपल्याकडे होतो तो अपघात झाल्यावर, आणि तोही सुरक्षेपुरता. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या बाजाराजवळ सांगाडा कोसळून चौघे गेले. एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या रावेत परिसरात पाच जण दगावले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचा फलक पेट्रोलपंपावर आडवा झाला आणि १७ माणसे मेली. मुंबईत परवानगी ४० बाय ४० फुटांपर्यंतचीच होती. त्यानंतर राज्यभर संरचनात्मक तपासणीचे आदेश सुटले. तपासणीचा दाखला मिळालेला फलक डोंगराच्या पुढ्यात खुशाल उभा राहू शकतो, कारण तपासणीत पायाची खोली मोजतात. पाठीमागे काय झाकले गेले हे कोणीच मोजत नाही.

जगात हे मोजणारे आहेत. अमेरिकेत १९६५ मध्ये महामार्ग सुशोभीकरणाचा केंद्रीय कायदा झाला, पण फलकमालकांना भरपाई देण्याच्या अटीमुळे त्याची धार बोथट झाली. व्हरमाँट या डोंगराळ, शेतीवर आणि पर्यटनावर जगणाऱ्या राज्याने १९६८ मध्ये वेगळी वाट धरली: रस्त्याकडेचे सर्व जाहिरात फलक बंद, आणि त्यांच्या जागी हॉटेल, शेतघर, दुकान यांच्यासाठी ठरावीक आकाराच्या, एकाच रंगाच्या छोट्या दिशादर्शक पाट्या. हवाई, मेन आणि अलास्का ही राज्येही फलकमुक्त आहेत. ब्राझीलमधल्या साओ पावलोने २००७ पासून शहरातले जाहिरात फलक उतरवले. यातले व्हरमाँटचे उदाहरण कोलाडला सर्वात जवळचे. कुंडलिकेच्या काठच्या रिसॉर्टवाल्याला, राफ्टिंगवाल्याला, घरगुती खानावळ चालवणाऱ्या बाईला पाटी हवीच असते, नाहीतर गिऱ्हाईक वळणार कसे? पण आज ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचा फलक मोठा, आणि खानावळीची हाताने रंगवलेली पाटी त्याच्यामागे दिसेनाशी होते. सर्वांना एकाच मापाची पाटी दिली तर पहिला फायदा लहान व्यावसायिकाचा आहे.

विजेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. तिची सुरुवात करायला भिऱ्यासारखे दुसरे ठिकाण नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीला टाटांनी धरण बांधले, त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, मावळातली गावे बुडाली, आणि १९२७ मध्ये कड्याखाली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. पूर्वेकडे वाहून जाणारे पाणी नळांतून कोकणात उतरवले गेले. टर्बाइन फिरवून झालेले हे अवजल पुढे कुंडलिकेत येते. त्यावर राज्याचे ८० मेगावॉटचे भिरा अवजल केंद्रही चालते. कोलाडची प्रसिद्ध राफ्टिंग याच पाण्यावर चालते. सकाळी वीजघरातून पाणी सुटले की नदी भरते, रबरी नावा निघतात. पाणी ओसरले की दगड पुन्हा वर येतात. उन्हाळ्यातही नदी वाहती आहे ती त्यामुळेच. मावळच्या बुडालेल्या गावांची किंमत या सौंदर्याखाली आहे, हे रोह्याच्या बाजूला उभे राहून विसरता कामा नये. तरीही ऊर्जा प्रकल्पाने प्रत्येक वेळी देखावा बिघडवलाच असे सरसकट म्हणता येत नाही. कुठे, कसा, कोणाला विचारून, यावर सारे अवलंबून.

विचारण्याची पद्धत मात्र दुबळी आहे. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६४ खाली पारेषण कंपनीला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार मिळतात. जमीन संपादित न करताच शेतात मनोरा उभारता येतो आणि वाद उरतो तो भरपाईचा. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पारेषण वाहिन्यांचा समावेशच नाही, म्हणजे जनसुनावणीही नाही. वनजमीन लागली तर वन खात्याची परवानगी, कांदळवन तोडायचे तर सप्टेंबर २०१८ च्या निकालाप्रमाणे उच्च न्यायालयाची. डोंगराच्या धारेवरून, गावाच्या डोक्यावरून, खाडीच्या मुखावरून लाइन जाणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न या वाटेवर कोणत्याही टेबलावर येत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब असा दिसतो. २२० केव्हीच्या लाइनखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. त्यात घर नाही, आंब्याचे कलम वाढवता येत नाही. उंच झाले की छाटले जाते. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के भरपाई सांगितली होती. जून २०२४ च्या नव्या सूचनांनी ती अनुक्रमे २०० आणि ३० टक्के केली. ही सुधारणा मोठी आहे. पण पैसे मिळतात ते पट्ट्यात येणाऱ्याला. शेजारच्या शेतकऱ्याच्या दारासमोर मनोरा उभा राहिला, पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांची किंमत उतरली, तर त्याला काहीच नाही. म्हणून गावात लाइनचा वाद हा गावाचा प्रश्न न होता गटनंबरांचा होतो, आणि गटनंबर सुटे सुटे गाठून मिटवता येतात.

मार्ग आखण्याचे शास्त्र मात्र नवे नाही. ब्रिटनमध्ये लॉर्ड होलफर्ड या नगररचनाकाराने १९५९ मध्ये वाहिन्या आखण्याचे साधे नियम घालून दिले: सर्वात सुंदर प्रदेश टाळा, शक्यतो सरळ जा, मनोऱ्यामागे आकाश येण्यापेक्षा डोंगर किंवा झाडी येईल असे पाहा. पेण-रोह्यात हा तिसरा नियम पाळणे फारसे खर्चाचे नाही. डोंगराच्या धारेवर चढवलेला मनोरा वीस किलोमीटरवरून दिसतो. तोच उताराच्या पोटातून नेला तर हिरव्या पार्श्वभूमीत विरून जातो. या नियमांना गोव्याच्या अनुभवातून आणखी एकाची जोड मिळते. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या ४०० केव्हीच्या लाइनविरुद्ध २०२० मध्ये ‘आमचे मोले’ चळवळ उभी राहिली. केंद्रीय सक्षम समितीने एप्रिल २०२१ मध्ये नवी वाट न कापता ही लाइन जुन्याच २२० केव्हीच्या वाहिनीच्या मार्गाने न्यावी अशी शिफारस केली, आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नागोठण्याभोवती आधीच इतक्या वाहिन्या आहेत की नवी लाइन आखताना हाच पहिला पर्याय असायला हवा.

भूमिगत केबलचा आग्रह सोपा वाटतो. उच्चदाबाला तो कित्येक पट महाग पडतो, आणि डोंगरात चर खणणे म्हणजे वेगळी जखम. ब्रिटनमध्ये डॉर्सेटच्या संरक्षित टेकड्यांवरचे २२ मनोरे २०२२ मध्ये उतरवून सुमारे नऊ किलोमीटर लाइन जमिनीखाली घातली गेली, पण ती निवडक जागी आणि खास निधीतून. भारतात माळढोक पक्ष्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेला भूमिगत वाहिन्यांचा व्यापक आदेश २०२४ मध्ये मर्यादित करावा लागला. कमी दाबाच्या वाहिन्यांचे चित्र मात्र निराळे आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडभर खांब आडवे झाले, गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून अलिबाग शहरातल्या वाहिन्या जमिनीखाली गेल्या. ज्या कारणाने अलिबागला हे पटले, ते कारण पेणच्या आणि रोह्याच्या बाजारपेठेलाही लागू आहे; आभाळ मोकळे होणे हा वरचा लाभ.

वाऱ्याच्या आणि साठवणीच्या प्रकल्पांचा दाब अजून या दोन तालुक्यांवर थेट आलेला नाही, पण फार दूरही नाही. भीमाशंकरच्या बाजूला खेड-मावळात झालेल्या ११३ मेगावॉटच्या आंध्र सरोवर पवन प्रकल्पाच्या रस्त्यांनी डोंगर कसे पोखरले, हे माधव गाडगीळ समितीने नोंदवले होते. कर्जत तालुक्यात भिवपुरीला टाटांचा १००० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प येऊ घातला आहे. त्याची वीज वाहून न्यायला लाइन लागेल आणि ती कुठून तरी जाईलच.

संरक्षणाचा आधार शोधायचा तर तो रोह्याच्या वेशीवरच सापडतो. ६ जानेवारी १९८९ च्या केंद्रीय अधिसूचनेने मुरुड-जंजिरा परिसरात उद्योग आणि खाणींवर निर्बंध आणले. डहाणू १९९१ चे, महाबळेश्वर-पाचगणी २००१ चे, माथेरान २००३ चे. मुरुड या सर्वांच्या आधीचे. मुरुड आणि रोहे तालुक्यांत फणसाडचे अभयारण्य आहे. अभयारण्यांभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०११ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत भूमिगत विद्युत केबलला प्रोत्साहन आणि पाट्या-फलकांचे नियमन या दोन्ही बाबी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. म्हणजे सरकारी कागदावर देखाव्याची दखल एका ठिकाणी तरी घेतली गेली आहे. ती अभयारण्याच्या कडेपुरती अडकून पडली. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतो आहे. ३१ जुलै २०२४ रोजी तो सहाव्यांदा निघाला, महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. तो अंतिम झाला तर खाणी आणि औष्णिक प्रकल्प थांबतील. डोंगराखालचा रस्ता आणि खारेपाट मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहतील.

म्हणून हा प्रश्न नियोजनाच्या आराखड्यातच सुटायला हवा, आणि तशी वेळ आत्ता आहे. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावे, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर, २०२४ मध्ये एमएमआरडीएकडे सोपवली गेली. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिका पेण तालुक्यात बलवलीपर्यंत येणार आहे. या दोन्ही कामांत नव्या उपकेंद्रांच्या जागा, वाहिन्यांचे पट्टे आणि रस्त्याकडेच्या जमिनीचे वापर ठरतील. मार्गिकेच्या रुंदीतच वाहिन्यांसाठी जागा राखली, महामार्गाच्या नियंत्रण रेषेत जाहिरात फलकांना पूर्ण बंदी घातली, खारेपाटाच्या बाजूला काही टप्पे मोकळ्या दर्शनाचे म्हणून नकाशावर दाखवले, तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखालची विकास नियंत्रण नियमावली पुरते. जमीनमालकाचे बुडणारे भाडे हा खरा अडथळा आहे आणि तो पैशानेच दूर करावा लागेल: छोट्या दिशादर्शक पाट्यांचे वार्षिक शुल्क पंचायतीकडे जमा करून त्यातला वाटा ज्यांच्या शेतातले सांगाडे उतरले त्यांना काही वर्षे देता येईल.

वीजवाहिनीच्या बाबतीत गावाच्या हातात एक लहानशी संधी असते. कलम १६४ खालचे अधिकार मागण्यापूर्वी कंपनी वर्तमानपत्रात सूचना देते, तीत ज्या गावांतून लाइन जाणार त्यांची नावे असतात आणि म्हणणे मांडायला साधारण दोन महिने मिळतात. ती सूचना बहुतेक गावांत कोणी वाचत नाही. मोजणीवाले शेतात उभे राहिल्यावर धावपळ होते आणि तोवर मनोऱ्यांच्या जागा पक्क्या झालेल्या असतात. याच मुदतीत ग्रामसभेने ठराव करून पर्यायी मार्ग नकाशावर काढून दिला, डोंगराची धार सोडा, जुन्या लाइनला लागून या, गावठाणापासून इतके अंतर ठेवा, असे लेखी मागितले, तर कंपनीला त्याची नोंद घेऊन उत्तर द्यावे लागेल. २००८ मध्ये २२ गावांनी मतपत्रिकेवर कौल दिला होता. त्या मानाने नकाशावर एक रेघ सुचवणे हे काम लहान आहे, आणि ते करायला लागणारी तलाठ्याची गावनकाशाची प्रत, सर्वेक्षण खात्याचा नकाशा आणि डोंगराची पायवाट ओळखणारी माणसे प्रत्येक गावात आहेत.